रक्त रुग्णाकडे निघते तेव्हा

तालुक्याच्या रुग्णालयात तातडीने रक्त लागले की काय घडते, हे आपल्यापैकी बहुतेकांनी एकदा तरी पाहिलेले असते. डॉक्टर मागणीचा फॉर्म भरतात, सिस्टर जांभळ्या बुचाच्या नळीत नमुना काढून तिच्यावर नावाची पट्टी चिकटवतात, आणि ती नळी शर्टाच्या खिशात टाकून रुग्णाचा भाऊ नाहीतर मेहुणा मोटारसायकलला किक मारतो. जिल्ह्याच्या रक्तपेढीत खिडकीपाशी उभे राहायचे, रक्तगट पुन्हा तपासला जायचा, क्रॉसमॅच व्हायचे, ‘डोनर आणलाय का?’ ही विचारणा व्हायची, पावती फाडायची. मग थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पुड्यांशेजारी ठेवलेली पिशवी पोटाशी धरून मेहुणा परत निघतो. सगळे सुरळीत पार पडले तरी यात काही तास जातात. शस्त्रक्रिया उद्यावर असेल तर ही पद्धत चालून जाते. ज्याची प्लीहा फुटली आहे किंवा जिची वार पडूनही रक्त थांबत नाही, त्यांच्यासाठी ती पद्धतच नव्हे.

या पुस्तकाचा विषय ही वाट उलटी फिरवणे हा आहे. रुग्ण पोचल्यावर रक्त शोधायला निघण्याऐवजी, तपासलेल्या आणि थंड राखलेल्या रक्ताची पिशवी रुग्णवाहिकेनेच बरोबर न्यायची. अपघाताच्या जागी, उपकेंद्राच्या प्रसूतिखोलीत किंवा धावत्या गाडीत ती चढवायची. लंडन, बर्गन, सॅन अँटोनियो अशा शहरांत हे आता नवलाचे राहिलेले नाही. आपल्याकडे ते जवळजवळ होत नाही. होऊ शकेल का, कुठे, कोणाच्या हातून, कोणाच्या खर्चाने, आणि कुठे त्याचा अट्टहास धरू नये, याची चर्चा मराठीत सलग कुठे वाचायला मिळत नाही. म्हणून हा खटाटोप.

नवख्या वाचकासाठी आधी शरीराचा हिशेब. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. अर्धा-पाऊण लिटर गेले तर शरीर सांभाळून घेते. नाडी जराशी वाढते, माणूस बोलत राहतो. दीड लिटरच्या पुढे रक्तदाब ढासळू लागतो, अंग गार पडते, घाम फुटतो, बोलणे असंबद्ध होते. दोन लिटर गेले की गोष्ट मिनिटांवर येते. हातापायाची जखम दाबून धरता येते, वरून टूर्निके आवळता येतो. छाती-पोटातल्या आणि मोडलेल्या कटीरातल्या रक्तस्रावाला बाहेरून असा हात घालता येत नाही. तिथे वेळ काढणे एवढेच हातात असते आणि तो वेळ कशाने काढायचा, यावर गेली शंभर वर्षे वाद चालू आहे.

आपल्या मनात उत्तर तयार असते: सलाइन. दाब कमी झाला की सलाइन लावा, हे डॉक्टरांच्याच नव्हे तर नातेवाइकांच्याही अंगवळणी पडले आहे. पण मिठाचे पाणी प्राणवायू वाहून नेत नाही आणि त्यात रक्त गोठवणारे एकही द्रव्य नसते. उरलेसुरले रक्त ते पातळ करते, शरीर थंड करते, दाब वाढवून नुकतीच धरलेली गुठळी उडवूनही लावते. रक्त आम्लधर्मी होणे, अंग गार पडणे आणि गोठण्याची क्रिया बिघडणे या तिघांची साखळी एकदा जुळली की शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोचलेला माणूसही हातातून जातो. ह्यूस्टनमध्ये छाती-पोटात गोळी किंवा सुरा लागलेल्या ५९८ रुग्णांवर झालेला अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना शस्त्रक्रियेपर्यंत सलाइन दिलीच नाही त्यांतले ७० टक्के वाचले, ज्यांना रस्त्यातच दिली त्यांतले ६२ टक्के. लंडनच्या करीम ब्रोही आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवले की गंभीर जखमींपैकी सुमारे एकचतुर्थांश लोकांचे रक्त रुग्णालयात येतानाच नीट गोठेनासे झालेले असते. म्हणजे बिघाड सलाइनच्या आधीच सुरू होतो आणि सलाइन त्यात भर घालते. या दोन अभ्यासांनंतर ‘रस्त्यात काय द्यायचे?’ हा प्रश्न नव्याने उभा राहिला.

नव्याने म्हणायचे ते एवढ्यासाठी की त्याचे एक उत्तर आधीच देऊन झाले होते आणि मध्यंतरी आपण ते विसरलो होतो. माणसाचे रक्त माणसाला देण्याची निकडच मुळात बाळंतिणीच्या रक्तस्रावातून आली. लंडनच्या जेम्स ब्लंडेल यांनी १८१८ पासून असे प्रयत्न केले आणि १८२९ मध्ये प्रसूतीनंतर रक्तस्राव झालेली एक स्त्री वाचल्याची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये आली. १९०१ मध्ये कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगट शोधले. १९१४-१५ मध्ये ब्रुसेल्स, ब्युनोस आयरिस आणि न्यूयॉर्क इथल्या डॉक्टरांनी सोडियम सायट्रेट घालून रक्त पातळ राखण्याची युक्ती बसवली. तोवर दात्याला रुग्णाशेजारी झोपवण्याला पर्याय नव्हता. आता रक्त दात्यापासून सुटे झाले, साठवता आणि हलवता येऊ लागले. १९१७ मध्ये ऑस्वाल्ड होप रॉबर्टसन या अमेरिकी लष्करी डॉक्टरने पश्चिम आघाडीवर सर्वांना चालेल अशा गटाचे रक्त आधीच काढून, दारूगोळ्याच्या रिकाम्या पेट्यांमध्ये बर्फात ठेवून जखमींच्या छावणीजवळ नेले. रक्त जखमींच्या दिशेने निघण्याची सुरुवात इथे झाली.

पुढचे नाव मराठी वाचकाला वेगळ्या कारणाने ओळखीचे वाटेल. कॅनडाचे शल्यचिकित्सक नॉर्मन बेथ्यून यांनी १९३६ च्या अखेरीस, स्पेनच्या यादवी युद्धात, माद्रिदमध्ये फिरते रक्तसंक्रमण पथक उभे केले. शहरातल्या दात्यांचे रक्त बाटल्यांत भरायचे आणि शीतपेटी बसवलेल्या मोटारीतून आघाडीलगतच्या रुग्णालयांना पोचवायचे, असे ते काम होते. बार्सिलोनात फ्रेडरिक दुरान-जोर्दा यांनी हेच काम आणखी शिस्तीने आणि मोठ्या प्रमाणावर केले. बेथ्यून तिथून चीनला गेले आणि १९३९ मध्ये तिथेच वारले. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची धुरा पुढे सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी वाहिली. १९४२ मध्ये तेही तिथेच गेले. व्ही. शांतारामांच्या चित्रपटामुळे कोटणीस आपल्या घराघरांत पोचले. ज्यांच्या नावाचे रुग्णालय ते चालवत होते त्या माणसाने रक्त गाडीत घातले होते, ही गोष्ट मात्र पडद्यामागेच राहिली.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने आधी सुकवलेल्या प्लाझ्मावर भिस्त ठेवली. हलका, टिकाऊ, गट जुळवण्याची कटकट नाही. उत्तर आफ्रिकेतल्या मोहिमेत एडवर्ड चर्चिल या शल्यचिकित्सकाने ठणकावून सांगितले की प्लाझ्मा पुरत नाही, जखमींना पूर्ण रक्तच लागते. पुढच्या दोन-तीन युद्धांत पूर्ण रक्त भरपूर वापरले गेले. त्याच सुमारास दोन गोष्टी घडल्या. १९५० मध्ये काचेच्या बाटलीच्या जागी प्लास्टिकची पिशवी आली, त्यामुळे रक्त फिरवून त्याच्या तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट्स वेगळे करणे सोपे झाले. आणि साठच्या दशकातल्या संशोधनाने क्षारयुक्त द्रवांना प्रतिष्ठा मिळवून दिली. रक्तपेढ्यांच्या दृष्टीने घटक वेगळे करणे हे वरदानच होते. एका दात्यात तीन रुग्णांची सोय, थॅलेसेमियाच्या मुलाला फक्त पेशी, डेंगीच्या रुग्णाला फक्त प्लेटलेट्स. पण रक्तस्राव होणारा माणूस घटक गमावत नाही, सगळे रक्तच गमावतो. त्याला पेशींच्या पिशव्या आणि वर लिटरभर सलाइन देणे म्हणजे त्याने गमावलेल्यातले निम्मेच परत करणे. रक्तपेढीची सोय हाच हळूहळू उपचाराचा नियम होऊन बसला, असे माझे मत आहे. पुस्तकातल्या काही लेखकांना ते पटत नाही, आणि तेही इथे लिहितात.

हा नियम मोडला तो इराक आणि अफगाणिस्तानात. बगदादच्या अमेरिकी लष्करी रुग्णालयातल्या २४६ जखमींच्या नोंदी २००७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. पेशींच्या मानाने प्लाझ्मा अगदी कमी मिळालेल्यांत मृत्यू ६५ टक्के, जवळजवळ बरोबरीने मिळालेल्यांत १९ टक्के. ही जुन्या नोंदींची छाननी होती, चाचणी नव्हे. प्लाझ्मा वितळून येईपर्यंत जगलेल्यांनाच तो मिळाला, हा आक्षेपही रास्त आहे. तरी त्या आकड्यांनी जगभरच्या अपघात विभागांची रीत बदलली. अफगाणिस्तानात हेलिकॉप्टरमधून हलवलेल्या जखमींवरचा २०१७ चा अभ्यास एक पाऊल पुढे गेला. ज्यांना रुग्णालयाआधीच रक्त मिळाले त्यांतले ५ टक्के चोवीस तासांत दगावले, इतरांतले १९ टक्के. आणि हा लाभ सुटकेनंतरच्या पहिल्या पाव तासात रक्त मिळण्याशी जोडलेला दिसला.

नागरी सेवांनी हे लष्कराकडून उचलले. लंडनची हवाई रुग्णवाहिका मार्च २०१२ पासून तांबड्या पेशी नेऊ लागली. नॉर्वेत बर्गनच्या हेलिकॉप्टर सेवेने २०१५ मध्ये पूर्ण रक्त सुरू केले. समुद्र, डोंगर आणि लांबची अंतरे यामुळे तिथे रुग्णालय जवळ असण्याची खात्री कधीच नसते. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोने २०१८ मध्ये आधी हेलिकॉप्टरांत आणि मग अग्निशमन दलाच्या रुग्णवाहिकांत ओ पॉझिटिव्ह पूर्ण रक्त ठेवले. मला यातले सॅन अँटोनियो सर्वांत शिकण्यासारखे वाटते, आणि त्याचे कारण वैद्यकीय नाही. तिथे गाडीतली पिशवी वापरली गेली नाही तर साधारण दोन आठवड्यांनी ती मोठ्या अपघात रुग्णालयाकडे परत जाते. तिथे रोज रक्त लागतेच, त्यामुळे मुदत संपण्याआधी ती कोणाला तरी चढते आणि गाडीत ताजी पिशवी येते. रक्त वाया जाण्याचे प्रमाण त्यांनी अगदी थोडक्यावर राखले आहे. रुग्णवाहिकेत रक्त ठेवण्याच्या कोणत्याही योजनेबद्दल पहिला प्रश्न विचारावा तो हाच: न वापरलेली पिशवी परत कुठे जाणार? याचे उत्तर ज्या प्रस्तावात नाही तो बाजूला ठेवावा. दात्याने तासभर मोडून दिलेले रक्त गाडीच्या डब्यात शिळे होऊ द्यायचा अधिकार कोणालाही नाही.

या विषयात आता सरळसरळ तट पडले आहेत. एक पक्ष पूर्ण रक्ताचा: एकच पिशवी, त्यात सगळे, धावत्या गाडीत कमी उपद्व्याप. दुसरा घटकांचा: पेशी आणि सोबत वितळवलेला किंवा सुकवलेला प्लाझ्मा. फ्रेंच लष्कर आणि जर्मन रक्तसेवा यांनी सुकवलेल्या प्लाझ्माची परंपरा टिकवून धरली, म्हणून युरोपात या पक्षाचा जोर आहे. तिसरा पक्ष म्हणतो, रक्ताच्या मागे लागू नका. टूर्निके आवळा, कटीर बांधा, गुठळी टिकवून धरणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड द्या आणि गाडी पळवा. या तिसऱ्याची बाजू लंगडी नाही. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड १९६२ मध्ये जपानमधल्या उताको आणि शोसुके ओकामोतो या संशोधक दांपत्याने पुढे आणले. ४० देशांतल्या २०,२११ जखमींवरच्या २०१० च्या क्रॅश-२ चाचणीने आणि २०,०६० बाळंतिणींवरच्या २०१७ च्या ‘वूमन’ चाचणीने हे स्वस्त औषध पहिल्या तीन तासांत दिले तर जीव वाचतात हे दाखवले. ते औषध ज्या गाडीत नाही त्या गाडीत रक्त ठेवण्याच्या गोष्टी करणे हा उलटा कारभार झाला.

आणि चाचण्यांचे निकाल? ते एका सुरात बोलत नाहीत. अमेरिकेत हवाई रुग्णवाहिकांमध्ये प्लाझ्मा दिलेल्या ५०१ जखमींच्या २०१८ च्या चाचणीत तीस दिवसांतले मृत्यू ३३ टक्क्यांवरून २३.२ टक्क्यांवर आले. त्याच वर्षी डेन्व्हरमध्ये रस्त्यावरच्या रुग्णवाहिकांत हाच प्रयोग झाला, तिथे काहीच फरक दिसला नाही. दोन्हींचे आकडे पुढे एकत्र तपासल्यावर कळले की प्रवास वीस मिनिटांपेक्षा लांबला तिथेच प्लाझ्माचा उपयोग दिसतो. डेन्व्हरमध्ये रुग्णालय जवळच होते. ब्रिटनमधल्या रीफिल चाचणीत ४३२ जखमींना एकतर पेशी आणि सुकवलेला प्लाझ्मा किंवा नुसती सलाइन दिली गेली. ठरवलेली संख्या गाठण्याआधीच कोविडने तिला खीळ बसली, आणि २०२२ मध्ये आलेल्या निकालात दोन्ही गट जवळजवळ बरोबरीत निघाले. रक्ताच्या पुरस्कर्त्यांना हा निकाल गैरसोयीचा वाटतो आणि विरोधकांना तो फार लवकर पुरेसा वाटतो. मला त्यातून इतकेच दिसते की सरसकट सर्वांना रक्त देऊन फायदा होत नाही. कोणाला, किती लवकर आणि रुग्णालयापासून किती लांब, या तीन गोष्टींवर सगळे ठरते.

प्रत्यक्ष काम किती बारकाईचे आहे, ते जवळून पाहायला हवे. पिशवी २ ते ६ अंश सेल्सियसमध्ये राहिली पाहिजे. त्यासाठी निर्वात भिंतींची पेटी आणि दर काही मिनिटांनी तापमान टिपणारे यंत्र लागते. जागेवर पोचल्यावर दोघांनी पिशवीचा क्रमांक, गट आणि मुदत मोठ्याने वाचून एकमेकांना सांगायची. पहिला थेंब जाण्याआधी रुग्णाचा नमुना काढून ठेवायचा, कारण एकदा ओ गटाच्या पिशव्या गेल्या की रुग्णाचा मूळ गट ओळखणे रुग्णालयाला कठीण होते. चार अंशांचे रक्त तसेच आत सोडले तर अंग आणखी गारठते, म्हणून नळी छोट्या तापकातून जाते. पिशवीतले सायट्रेट रुग्णाचे कॅल्शियम बांधून ठेवते आणि कॅल्शियमशिवाय ना हृदय नीट चालते ना रक्त गोठते. म्हणून सोबत कॅल्शियमचे इंजेक्शन. शेवटी रिकामी पिशवी फेकायची नाही, ती रुग्णासोबत रुग्णालयात जाते आणि तिचा क्रमांक नोंदीत चढतो. हे सगळे पावसात, बघ्यांच्या गराड्यात, एका हाताने टॉर्च धरून करायचे. त्यात एकही पायरी गाळण्याजोगी नाही.

आता आपल्या दाराशी. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका सेवा आहे. सुरुवातीला ९३७ गाड्या, त्यांतल्या २३३ प्रगत जीवरक्षक उपकरणांच्या. बऱ्याच राज्यांत नसलेली एक गोष्ट इथे आहे: गाडीत डॉक्टर असतो. ही मोठी जमेची बाजू. मात्र त्यांतले बहुसंख्य आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे पदवीधर आहेत. आपत्कालीन सेवेचे प्रशिक्षण त्यांना मिळते, पण धावत्या गाडीत त्यांनी रक्त चढवायचे तर परवानगी, देखरेख आणि जबाबदारी यांची चौकट स्पष्ट लिहून द्यावी लागेल. ती न देता त्यांच्या हाती पिशवी ठेवणे म्हणजे काही बिनसले की त्यांनाच बळी देणे.

रक्त हे आपल्या कायद्यात औषध आहे. ते गोळा करणे, तपासणे, देणे परवान्याखालीच होते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालाने विकत रक्त देणाऱ्यांचा बाजार बंद झाला आणि राष्ट्रीय व राज्य रक्तसंक्रमण परिषदा उभ्या राहिल्या. रक्त किती सुरक्षित झाले हे ज्यांनी नव्वदचे दशक पाहिले त्यांना सांगायला नको. त्याच वेळी खेड्यातल्या शल्यचिकित्सकांची कोंडी झाली: समोर बाळंतीण वाहून चालली आहे, बाहेर त्याच गटाचा धडधाकट भाऊ उभा आहे, आणि त्याचे रक्त तपासून थेट देणे बेकायदा. ग्रामीण शल्यचिकित्सकांच्या संघटनेने हा मुद्दा वर्षानुवर्षे मांडला. परवाना असलेल्या केंद्रातून आणून ठेवलेल्या रक्ताची साठवण केंद्रे हा त्यावरचा सरकारी तोडगा होता. जिथे वीज, तंत्रज्ञ आणि वर्दळ आहे तिथे ती चालली. अनेक ठिकाणी फ्रीज आहे, रक्त नाही.

रक्त पोचवण्याचा एक प्रयोग महाराष्ट्राने केलेलाही आहे. जानेवारी २०१४ मध्ये ‘जीवन अमृत’ सेवा सुरू झाली. १०४ वर फोन करा, आणि शीतपेटी लावलेली मोटारसायकल चाळीस किलोमीटरच्या आतल्या रुग्णालयात रक्त आणून देईल. नळी खिशात घेऊन पळणाऱ्या मेहुण्याची सुटका व्हावी, हा हेतू. आठेक वर्षांनी सरकारने ती गुंडाळली. रक्त दुचाकीवरून सुरक्षित नेता येते हे तिने दाखवून दिले होते. मे २०२३ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीजवळ ड्रोनने पिशव्या नेऊन तेच आकाशातून पाहिले. आफ्रिकेत रवांडाने तर २०१६ पासून ड्रोनने रक्त पोचवणे नेहमीचे करून टाकले. यंत्रे आहेत. अडते ते रोजच्या देखभालीच्या पैशावर आणि कोण्या एका खात्याने हे आपले म्हणण्यावर. अमेरिकेतही अडले होते तिथेच: रक्ताचा खर्च गाडीच्या बिलात धरला जात नव्हता, आणि २०२५ पासून मेडिकेअर या तिथल्या सरकारी विमा योजनेने रस्त्यात दिलेले रक्त वरच्या दर्जाच्या सेवेत मोजायला सुरुवात केली, तेव्हा छोट्या सेवांनाही हिशेब मांडता येऊ लागला.

काही अडचणी अस्सल आपल्या आहेत. ओ निगेटिव्ह रक्त भारतात शंभरातल्या साधारण दोघांचे. ते गाड्यांमध्ये अडकवून ठेवले तर रुग्णालयात गरज असलेल्यांच्या तोंडचा घास जातो, म्हणून ओ पॉझिटिव्हचाच विचार करावा लागतो. तरुण स्त्रीला ते देताना पुढच्या गर्भारपणात बाळाला होऊ शकणारा धोका लहान आहे, पण शून्य नाही. आज ती जगली पाहिजे आणि नंतर तपासणी व औषधोपचार झाले पाहिजेत, असा तो सौदा आहे. दुसरी गोष्ट मुंबईचीच. १९५२ मध्ये केईएममधल्या डॉ. य. म. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एक गट नोंदवला, ज्यातल्या लोकांना ओ रक्तसुद्धा चालत नाही. ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ हे त्याचे नाव जगभर गेले. आपल्याकडे दहा हजारांत सुमारे एक माणूस या गटाचा. ‘ओ म्हणजे सर्वांना चालणारे’ हे वाक्य इथे बोलताना जीभ जराशी आवरती घ्यावी लागते. तिसरी गोष्ट थॅलेसेमियाच्या मुलांची. त्यांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते, आणि मे महिन्यात महाविद्यालये बंद, शिबिरे थंड, तेव्हा पहिली चणचण त्यांनाच भासते. गाडीतले रक्त त्यांच्या वाट्यातून काढता कामा नये.

मग सुरुवात कुठून? मोठ्या शहरांतून नव्हे. परळमध्ये किंवा शिवाजीनगरला जखमी माणसाला रक्तापेक्षा मोकळा रस्ता आणि तयार असलेले ऑपरेशन थिएटर जास्त उपयोगी पडते. डेन्व्हरचा धडा तोच आहे. समृद्धी महामार्गाच्या मधल्या पट्ट्यात, मेळघाटात, धडगाव-अक्कलकुव्यात, पावसाळ्यात पर्लकोटाच्या पुराने तुटणाऱ्या भामरागडात हिशेब वेगळा होतो. तिथेही मला डोळ्यासमोर येते ती महामार्गावरच्या मोटारीतली व्यक्ती नव्हे, तर दोन डोंगर ओलांडून रेफर झालेली बाळंतीण. बाळंतपणातला रक्तस्राव आपल्याकडे अजूनही मातांच्या मृत्यूचे मोठे कारण आहे, आणि तिची वाट बहुतेकदा आधीच ठाऊक असते: उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा. ज्या वाटेची वळणे ठाऊक आहेत तिच्यावर रक्त पुढे पाठवणे अनोळखी अपघातस्थळापेक्षा सोपे असते. ग्रामीण रुग्णालयातल्या साठवण केंद्रातून पिशवी घेऊन गाडी समोरून यावी, अर्ध्या वाटेवर दोन गाड्यांची भेट व्हावी, न लागलेली पिशवी त्याच केंद्रातून जिल्हा रुग्णालयात फिरावी, अशी एक रचना या पुस्तकात सविस्तर मांडली आहे. विदर्भातल्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात पेटी किती तास टिकते, हा तिच्यातला सर्वांत कठीण भाग, आणि तो टाळलेला नाही.

पुस्तक कोणासाठी? गाडीतल्या डॉक्टर आणि पायलटसाठी, म्हणजे चालकासाठी, रक्तपेढीत रात्रपाळी करणाऱ्या तंत्रज्ञांसाठी, तालुक्याच्या भूलतज्ज्ञांसाठी, जिल्हा परिषदेत आरोग्याचे अंदाजपत्रक लिहिणाऱ्यांसाठी, आणि गणपतीत-जयंतीला शिबिरे घेणाऱ्या मंडळांसाठी, ज्यांना आपले रक्त पुढे कुठे जाते हे कोणी सांगत नाही. उपचाराची हस्तपुस्तिका म्हणून ते वापरू नये. मात्रा आणि नियम बदलत राहतात आणि ते आपापल्या संस्थेच्या लेखी सूचनांतूनच घ्यावेत. लेखकांमध्ये एकमत व्हावे असा प्रयत्न संपादनात केलेला नाही. पूर्ण रक्ताचे कट्टर समर्थक आणि ‘आधी औषध, मग बोलू’ म्हणणारे इथे शेजारी शेजारी आहेत, आणि एकाच चाचणीचा अर्थ दोघांनी दोन प्रकारे लावला आहे. रक्तातून होणारे अपाय, म्हणजे चुकीची पिशवी, संसर्ग, फुप्फुसांवरचा ताण, यांना वेगळी जागा दिली आहे. देशात डिसेंबर २०१२ पासून अशा घटनांची नोंद ठेवणारा हिमोव्हिजिलन्स कार्यक्रम चालू आहे. गाडीतले रक्त सुरू होईल त्या दिवसापासून त्याची नोंद तिथे व्हावी, असा आग्रह सर्वच लेखकांनी धरला आहे. एकमताची म्हणावी अशी पुस्तकातली ती बहुधा एकमेव सूचना.

वैद्यकाची पार्श्वभूमी नसलेल्यांनी गोठण्याच्या क्रियेवरचा भाग पहिल्या वाचनात सोडून दिला तरी चालेल. साठवण केंद्रे, पिशवीचा परतीचा प्रवास आणि खर्च यांवरची पाने मात्र सोडू नयेत. ती आकड्यांनी भरलेली आहेत, हळू वाचावी लागतात, आणि जिल्ह्याच्या बैठकीत हा विषय निघाला तर हाताशी असावीत अशी आहेत.